पहिली फेरी माझी

परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या सुटाबुटातल्या पाहुण्याने मला विचारलं, "म्हणजे काका, तुम्ही तीस वर्षं नुसता पाळणाच फिरवलात?" त्याच्या हातात जिलेबी होती, यजमान समोर उभे होते, म्हणून मी गप्प बसलो. पण तो 'नुसता' माझ्या डोक्यातून जाईना. रात्रभर कूस बदलत राहिलो. त्या माणसाला जे तिथे सांगता आलं नाही ते इथे सांगतो. दिवाळी अंक त्याच्या घरी येत असेल तर वाचेल.

होय, मी पाळणाच फिरवला. कराड सोडून इस्लामपूरच्या बाजूला यायला लागलं की महामार्गापासून थोडी आत आमची हसरी बाग आहे. सोळा डब्यांचा आकाशपाळणा, झुकझुक गाडी, चक्रीवरचे लाकडी घोडे आणि माणसाला जाडं-बारीक दाखवणारं आरशांचं घर. बस्स, एवढंच. बागेचे मालक तात्या. त्यांची बाकीची सगळी जमीन उसाची, हा एवढाच माळ असा की कुसळाशिवाय तिथे काही उगवत नव्हतं. लोक म्हणाले मंगल कार्यालय काढा, पेट्रोल पंप काढा. तात्या म्हणाले, "जत्रा वर्सातनं एकदा येती. बाकीचं वरीसभर पोरांनी काय करायचं?" आणि त्यांनी माळावर पाळणा उभा केला.

मी सांगलीच्या आयटीआयमधून फिटर झालेला. साखर कारखान्यात हंगामापुरतं काम मिळायचं, गाळप संपलं की घरी. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात तात्यांकडे आलो तो तिथलाच झालो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बटण दाबलं की पाळणा फिरतो. दाबून बघा एकदा! पाळण्यात माणसं भरणं हेच अर्धं काम आहे. वजन सगळीकडे सारखं पडायला हवं. एका डब्यात चारजण बसवले की लगेच त्याच्या समोरच्या डब्यात तेवढ्याच वजनाची माणसं बसवायची. एका बाजूला भार झाला तर मोटर रडते, ब्रेक घसरतो. रांगेतल्या माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन मनात धरायचं आणि तो तोंड उघडायच्या आत त्याला डबा दाखवायचा. मला आजही कुणी भेटलं की आधी त्याचं वजन दिसतं, मग तोंड.

एकदा एक पुढारी घरच्या नऊजणांना घेऊन आले. सगळ्यांना ओळीने डबे पाहिजेत म्हणून अडून बसले. "आमचं घर एकत्र हाय, आमी येगळं बसत न्हाई," म्हणाले. मी म्हटलं, "आवं, तुमचं घर एकत्र ऱ्हाऊ द्या, पर पाळण्याला ते झेपायचं न्हाई. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं." त्यांना राग आला, पण मागची रांग ओरडायला लागली. त्या गडबडीत त्यांची आई आणि सून नेमक्या एका डब्यात आल्या. वर जाताना दोघी दोन बाजूंना तोंड करून बसलेल्या होत्या. तिसऱ्या फेरीला बघतो तर सासूने डोळे मिटून सुनेचा दंड घट्ट धरलेला आणि सून तिला खालचा ऊस, खालची गाडी, कुणाची विहीर सगळं सांगतेय. उतरल्यावर म्हातारी म्हणाली, "अजून एकदा."

लोक बागेत का येतात हे मला तेव्हाच कळलं होतं. आजी, बाप आणि नातू एकाच वेळी, एकाच गोष्टीला घाबरून हसतील अशी जागा आमच्या भागात दुसरी कुठली आहे ते मला दाखवा. लग्न झालं की देवदर्शनाहून परत जाणारे नवरा-नवरी मुंडावळ्यांसकट आमच्याकडे उतरतात. दोन वर्षांनी तीच जोडी कडेवर मूल घेऊन येते. बायका डब्यात पाऊल ठेवायच्या आधी खाली चपला काढून ठेवतात, पाळण्याला हात लावून तो हात कपाळाला लावतात. मी तीस वर्षं त्या चपला राखल्या आहेत, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचा राग कुणाला कळायचा नाही.

माझं पहिलंच वर्ष होतं. बागेत वीजकाम बघणारा सदू होता, माझ्याच वयाचा. खंडेनवमीला बागेतली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहायची आणि एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही तिथली रीत. सदू सकाळी सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "यशवंता, तुजं पानं दे की. आमच्या पकडीशेजारी मांडतो."

आमचं घर बौद्ध. खंडेनवमी आमच्याकडे नाही. पण गावाकडे आमच्या हत्यारांना कुणी आपल्या हत्यारांशेजारी जागा दिली नव्हती, आणि हा मोकळ्या मनाने मागत होता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खरं सांगतो. सकाळची तपासणी अजून व्हायची होती. रोज मी पाळण्याच्या एकेका बोल्टला पाना लावून बघायचो. "थांब, आधी तपासतो, मग घेऊन जा," एवढंच म्हणायचं होतं. भिडेपोटी मी ते म्हटलं नाही. पाने दिले आणि त्या दिवशी पाळणा नुसत्या डोळ्यांनी तपासला.

दुपारी ऐन गर्दीत पाळणा थांबला. आमचा पाळणा चाकाभोवतीच्या तारेच्या दोराने फिरतो, आणि तो दोर ताणून धरणाऱ्या पुलीचा बोल्ट ढिला होऊन दोर घसरला होता. मोटर नुसतीच घुमत होती. मी ब्रेक लावला. सगळे डबे भरलेले, आणि अगदी टोकाच्या डब्यात माण तालुक्याकडची एक आजी तिच्या नातीला पोटाशी धरून बसलेली. तिचा फौजेतला मुलगा सुट्टीवर आला होता. तो खाली तिच्या चपला हातात घेऊन वर बघत उभा होता.

मी पान्यासाठी धावलो आणि पाटासमोर जाऊन थांबलो. झेंडूच्या फुलांत माझे पाने कुंकू लावून मांडलेले. सदू दारात उभा, त्याचा चेहरा पांढराफटक. तोही 'घे' म्हणेना आणि मीही उचलेना. किती वेळ गेला असेल? चार श्वास, फार तर पाच. तेवढ्यात तात्या अनवाणी धावत आले, फुलं बाजूला सारून पाना उचलला आणि माझ्या हातात कोंबला. "देवाचं मी बगतो," म्हणाले, "तू म्हातारीचं बग."

दोर वर चढवायला वेळ लागला असता. म्हणून पाळण्याला कासरा बांधला आणि माणसं लावून हातांनी ओढून एकेक डबा खाली घेतला, एक या बाजूचा तर एक समोरचा. त्या फौज्याने चपला खाली ठेवल्या आणि दोराला हात घातला. "मी म्हनल्याबिगर कुनी वढायचं न्हाई!" असं म्हणून त्याने वीसएक अनोळखी माणसांना पलटणीसारखं चालवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आजी सगळ्यात शेवटी उतरली. उतरल्यावर तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता चपला घातल्या. एखादी शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "सकाळी पाना लावलावतास का?"

"न्हाई."

"का?"

मी सदूचं नाव घेतलं नाही. सदूच पुढे होऊन म्हणाला, "मी नेलंवतं, तात्या." तात्यांनी दोघांकडे बघितलं. नोकरी गेली असं मी मनात धरलंच होतं. ते म्हणाले, "उद्यापासनं जो तपासंल त्यो पैला बसंल. रिकाम्या पाळन्यात, तीन फेऱ्या. मग गिऱ्हाईक." आणि पुढच्या वर्षीपासून पूजा संध्याकाळी बाग बंद झाल्यावर व्हायला लागली. तरी एक पाना माझ्या खिशात राहायचा. सदू त्या खिशातल्या पान्यालाच कुंकवाचं बोट लावायचा.

तेव्हापासून मी रोज सकाळी पाळण्यात बसलो. आज एक नंबरला, उद्या दोनला, असं करत सोळा दिवसांनी पुन्हा एकवर. लोकांना वाटायचं, हा उगाच रिकामा फिरतोय. अहो, खाली मोटरच्या आवाजात काही ऐकू येत नाही! वर गेल्यावर पाळणा बोलतो. कुठे करकरतो, कुठे टक् वाजतो, कुठे बुडाखाली बारीक थरथर लागते. कुठला डबा नेहमीच कुरकुरतो आणि कुठला आज नव्याने कुरकुरला, हे बसणाऱ्यालाच समजतं. मी पाळण्यात बसूनच त्यातली कितीतरी दुखणी अंगावर येण्याआधी काढली. त्याची कुठे नोंद नाही, कारण जे घडलंच नाही त्याची नोंद कोण करणार?

पुढच्या वर्षी ती माणची आजी परत आली. मला वाटलं, आता ही चपला काढायची नाही, पायातली हातात घेईल. ती फाटकापाशी उभी राहिली, पाळण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसलास का रं आज?"

"बसलो, आजी. सकाळीच."

"कितव्यात?"

"सातव्यात."

"मग मला सातव्यातच बशिव."

ती जिवंत होती तोवर दरवर्षी आली आणि दरवर्षी तिने तेच विचारलं. रांगेतल्या लोकांनी ते ऐकलं आणि तेही विचारायला लागले. वाईचे, विट्याचे, तासगावचे, कुठले कुठले लोक फाटकात आले की "बसलासा का, मामा?" माझं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण मी बसलो की नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. जाहिरातीचे फलक लावून हे मिळत नाही.

आता तात्या नाहीत. बाग त्यांचा नातू रोहन बघतो. पुण्याला शिकलेला, बोलायला गोड, माझ्याशी कधी अरेतुरे केलं नाही. म्हणून तर जास्त चीड येते. उर्मट माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्याने पुण्याहून सल्लागार आणले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला समजावलं की आजच्या कुटुंबाला थरार हवा असतो. मग आरशांचं घर पाडून तिथे काळोखी खोली केली. पाचजणांचं कुटुंब आत जातं, पाचजण डोळ्यांवर चित्रं दाखवणारी पाच डबडी बांधतात आणि शेजारच्याला न बघता एकटेच किंचाळतात. याला हे 'फॅमिली झोन' म्हणतात! आजीला तर आत सोडतच नाहीत, तिला चक्कर येते म्हणून. ती बाहेर सगळ्यांच्या पिशव्या धरून बसते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती त्या पिशव्या धरून बसलेल्या आजीकडे बघून. तिथून बाहेर पडलेलं कुटुंब पुढे कुठे जातं ते सल्लागारांनी बघायला हवं होतं. ते पाळण्याच्या रांगेत येतं. आजीला बरोबर घेऊन.

मग एक दिवस रोहनने मला टॅब दिला. प्रत्येक बोल्टपुढे चौकोन, बोट लावलं की हिरवी खूण. "काका, आता ते बसायचं बंद करू. लोक बाहेर ताटकळतात. शिवाय ते बरं दिसत नाही, स्टाफ मजा करतोय असं वाटतं."

मजा! मी त्याला म्हटलं, "तुमच्या आजोबांनी घालून दिलेली शिस्त आहे ती." तो म्हणाला, "तेव्हा टेक्नॉलॉजी नव्हती ना." मी म्हटलं, "टॅबला बसता येतं का?" तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मी बसतच राहिलो. दोन महिन्यांनी मला वयाचं कारण सांगून निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीत छोटासा आकाशपाळणा. घरी आल्यावर मी पेटी उघडून त्याला बोट लावलं. फिरेना. डबे गोंदाने चिकटवलेत.

यंदाच्या मे महिन्यात मुलीची मुलगी मनू आमच्याकडे आली होती. मुलगी पाचगणीला एका शाळेत शिकवते. मनू सहा वर्षांची, "आबांचा पाळणा" ऐकत वाढलेली, पण त्यात कधी न बसलेली. सुट्टी संपताना तिला पाचगणीला सोडायला निघालो तेव्हा वाटेत बागेत थांबलो. सकाळची वेळ, बाग नुकतीच उघडलेली. तिकीट काढून इतरांसारखे रांगेत उभे राहिलो. फाटकावर सदू. नवा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आता तपासणीही तोच करतो. मला बघून त्याचं तोंड फुललं आणि लगेच त्याने मान खाली घातली.

मान खाली गेली तेव्हाच मला कळलं.

मनू हात ओढत होती. रांग मोठी होती. वाटलं, जाऊ दे. आता आपण कोण? चारचौघांत सदूला कशाला ओशाळं करायचं? आणि एकदम ओळखू आलं की ही तीच भीड आहे, पाने देताना होती ती. त्या वेळी वर दुसऱ्याची नात होती.

"सदू, बसलास का आज?"

तो टॅबवर उगाच बोट फिरवत राहिला.

"सदू."

"न्हाई रं," तो म्हणाला. "बसू देत न्हाईत. खुना लावल्यात समद्या."

रांगेतून आवाज आला, "मग आमी थांबतो की. बस जा तू." बघतो तर माणकडच्या आजीचा तो फौजी. आता निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या, बोटाला त्याचा नातू. त्याच्या मागच्या बायका म्हणाल्या, "व्हय व्हय, बसा तुमी. आमाला काय घाई न्हाई." सदूने टॅब माझ्या हातात दिला, म्हणाला, "तू फिरव," आणि समोर आलेल्या डब्यात बसला. तो नऊ नंबरचा होता.

मी कळ दाबली. किती दिवसांनी! दुसऱ्या फेरीला सदूने वरून हात केला. मी थांबवलं. तो उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "वर टोकाला जाताना टक् वाजतंय," म्हणाला. खिशातून पाना काढला. पान्यावर जुनं कुंकू होतं. डबा ज्या दांड्याला लटकतो त्याचा नट अडवणारी पिन त्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. झिजून निम्मी झालेली.

टॅबवर नऊ नंबरपुढे हिरवी खूण होती. "मीच लावलीया ती," सदू म्हणाला. "रोज लावतो."

रोहन आला. त्याने पिन बघितली, घाबरलाही असेल, पण विचारलं काय? "बाकीचे पंधरा डबे चालू ठेवता येतील का? सुट्टीची गर्दी आहे."

फौजी शांतपणे म्हणाला, "ठेवा की साहेब. पैल्या फेरीला तुमी बसा."

रोहनने त्याच्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे, अगदी टोकापर्यंत. मग खिशातून मोबाइल काढला आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखा बोलत ऑफिसकडे निघून गेला. फोन वाजलेला आम्ही कुणीच ऐकला नव्हता.

सदूने कुणाला न विचारता फाटकाला साखळी लावली. लोक चिडले नाहीत. चपला काढून ठेवलेल्या बायकांनी त्या पुन्हा घातल्या. रिकामा पाळणा एकेक डबा करत पूर्ण तपासायला सदूला दोन दिवस लागले, असं मला नंतर कळलं. आता तो सकाळी बसतो असंही कळलं. रोहन नाही म्हणत नाही, आणि हो पण म्हणत नाही. कुठल्या दिवशी पुन्हा बंद करेल सांगता येत नाही. म्हणून या अंकाच्या वाचकांना माझं एकच सांगणं आहे. बागेत जा, जरूर जा, आजीला घेऊन जा. पण डब्यात पाय ठेवण्याआधी फाटकावरच्या माणसाला मोठ्याने विचारा, मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. भीड धरू नका.

मनूने मात्र एसटीत बसल्या बसल्या गळा काढला. "आबा, तुम्हीच बंद केला पाळणा! सगळे बसणार होते!"

"हो, मीच बंद केला," मी म्हटलं.

वाई आली, पसरणीचा घाट लागला, तरी तिचं रडं थांबेना. मी तिला गप्प केलं नाही. डोकं मांडीवर घेतलं आणि ती रडतेय ते घाट संपेपर्यंत ऐकत राहिलो.